सम कुठे आहे, असे तुम्ही विचारलेत म्हणून

घानाच्या आक्राहून सुट्टीत पुण्याला आलो की आमच्या जॅझ बँडचे रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही दोन प्रश्न हमखास विचारता: यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे, आणि तिथले पारंपरिक वादन जॅझमध्ये मिसळून तुम्ही ते बिघडवत नाही का?

दुसऱ्याचे उत्तर मी आजवर तोऱ्यात देत आलो. आक्राच्याच गाय वॉरन या ड्रमरने १९५६ साली अमेरिकेत जॅझ आणि आफ्रिकी ढोल एकत्र आणणारी तबकडी काढली. नायजेरियातल्या लेगॉसच्या टोनी ॲलन या ड्रमरने मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी हे अमेरिकी जॅझ ड्रमर ऐकत हात तयार केला आणि त्यातून ॲफ्रोबीट या आफ्रिकी-जॅझ मिश्र संगीताची चाल घडवली. तेव्हा शुद्धतेची काळजी पुण्यात बसून कशाला? हे खरे आहे, पण सोयीचेही आहे, कारण ते दोघे आपल्या घरचे मिसळत होते आणि मी तबला शिकून गेलेला पाहुणा.

घानातल्या इव्हे लोकांच्या अगबाझा या नाचाच्या वादनात गांकोगुई ही लोखंडी जोडघंटा बारा सूक्ष्म मात्रांत सात ठोके देते. त्यांतली अंतरे दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक अशी असतात. बारा म्हणजे आपला बारा मात्रांचा एकताल, अशा गुर्मीत मी ते दुपारभरात पाठ केले. पुढे बँडचा ड्रमर चौपटीत वाजवत होता म्हणून तालमीत ते सातही ठोके मी सोळा मात्रांत बसवले, आणि आम्हा सर्वांना ते फार सुबक वाटले. घंटा वाजवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी काही आवर्तने निमूटपणे माझ्या मनासारखी वाजवली. मग घंटा खाली ठेवून ते उभे राहिले, अगबाझाची पावले टाकू लागले आणि मला म्हणाले, आता तू वाजव. बारा मात्रांवर पावले चार पडतात आणि त्यांतली दोनच घंटेच्या ठोक्यावर येतात. माझ्या सोळांत त्यांना पाऊल टाकायला जागाच उरली नव्हती. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत, फक्त थांबले. त्या शांततेत मी ड्रमरकडे पाहत राहिलो, जणू चूक त्याची होती.

आता आम्ही घंटेला हात लावत नाही, बाकीचे तिच्याभोवती बसवतो. तेवढ्याने मिसळणे निर्दोष होते, असा माझा दावा नाही. आणि थांबावे, असेही मला वाटत नाही.

राहिली सम. घंटेच्या खालच्या, जाड आवाजाच्या ठोक्यावर आवर्तन येऊन टेकते, तिथे नाचणाऱ्याचे पाऊल पडते. रेकॉर्डिंगमध्ये नाचणारे कोणी नाही, म्हणून ती तुम्हाला सापडत नाही; ड्रमसेट जोरात असला की कधीकधी मलाही सापडत नाही.