फ्लोरा फाउंटन: टॅक्सी करू नका, दुपारी जाऊ नका, वॉकचे पैसे भरू नका

सीएसएमटीवरून फाउंटनला टॅक्सी करायची नाही म्हणजे नाही. अंतर जेमतेम एक किलोमीटर, मीटरचं किमान भाडं ३१ रुपये, आणि स्टेशनबाहेरच्या पठ्ठ्याने सरळ दीडशे मागितले. मीटर टाक म्हटलं तर ‘उधर जाम है साब’ म्हणून काच वर. जाम होताच म्हणा, पण तो त्याच्यासारख्यांनीच लावलेला. मेट्रो ३ ने येत असाल तर हुतात्मा चौक स्टेशनच आहे, मग हा ताप नाही.

चालत निघालात तर खरी परीक्षा दादाभाई नौरोजी रोडवर. कमानींखाली सावली आहे हे खरं, पण तीच सावली फेरीवाल्यांनाही हवी असते. मोबाइलची कव्हरं, चष्मे, पट्टे, घड्याळं, आणि मधून उरलेल्या दीड फुटातून ऑफिसला निघालेली अख्खी मुंबई. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. भुयारी मार्गातून चुकीच्या तोंडाने वर आलात तर पुन्हा खाली उतरा, रस्ता ओलांडायचं धाडस नको. रविवारी सकाळी नऊच्या आत हाच रस्ता इतका मोकळा असतो की चीड येते.

आता हेरिटेज वॉकबद्दल, म्हणजे गाईडसोबतच्या पायी फेरीबद्दल. माणशी आठशे रुपये घेऊन गाईडने रस्त्यापलीकडूनच बोट दाखवलं आणि सांगितलं, ‘हे राणीला भेट म्हणून बांधलं.’ साफ खोटं. फुकटात खरं ऐका. कापसाच्या तेजीत मुंबईत पैसा खुळखुळत होता, गव्हर्नर बार्टल फ्रिअर कोटाच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या, भिंती पाडत होता, तेव्हाचं हे काम. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागायतीच्या संस्थेला हे कारंजं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, बसवायचं होतं आणि त्याला फ्रिअरचं नाव द्यायचं होतं. दोन्ही बेत बदलले. १८६४ मध्ये ते कोटाच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी उभं राहिलं आणि नाव मिळालं फुलांच्या रोमन देवीचं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. खर्चात मोठा वाटा कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचा, २०,००० रुपये. गाईडच्या तोंडी पारेखांचं नाव एकदाही आलं नाही.

जवळ जाऊन खालचे शिंपले आणि डॉल्फिन नीट बघा. या दगडावर वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढवले होते. ते खरवडून, आतली नळजोडणी दुरुस्त करून २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा सुरू झालं. त्या कामात जुने ट्रामचे रूळही सापडले. पाणी मात्र चालू असेलच या भरवशावर कोणाला घेऊन जाऊ नका. आम्ही गेलो तेव्हा ठणठणाट. आणि दुपारी बारानंतर तो पांढरा दगड डोळ्यांत असा खुपतो की फोटोत देवी दिसत नाही, नुसता उजेड दिसतो.

कारंज्याशेजारच्या हुतात्मा स्मारकाकडे पाठ करून सेल्फी काढणारे बरेच दिसले. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. लढ्यात एकूण १०६ जण गेले. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांसमोर दोन मिनिटं थांबायला तिकीट लागत नाही.

तिथून बोरीबंदरकडे परतताना पेरीन नरिमन स्ट्रीट आणि मिंट रोडच्या नाक्यावर वळा. रतनशी मुळजी जेठांनी एकुलत्या एक मुलाच्या, धरमसीच्या, आठवणीत १८९४ मध्ये बांधलेली पाणपोई तिथे आहे. आराखडा सीएसएमटीवाल्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचाच. गाईड इकडे फिरकलासुद्धा नाही. हाताशी अर्धाच तास असेल तर माझं ऐका, फाउंटन सोडा आणि हिच्याकडे या.