आज ‘ळ’ ऐकू आला

सकाळी दहा ते रात्री साडेनऊ स्टुडिओत, एकच गाणं. पुण्यातली चार पोरं, मराठी रॉक, स्टुडिओचे पैसे स्वतःच्या खिशातून जमवलेले. अशा कामात हयगय करायला जीव धजत नाही.

अर्धा दिवस ड्रम्समध्ये गेला. स्नेअरला, म्हणजे ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमला, एक माइक वर, एक खाली. दोन्ही एकत्र उघडले की आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यासारखा. खालच्या माइकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी केली आणि त्याच स्नेअरला अंग आलं! ड्रमरचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

मग गाणं. कडव्यात ‘आभाळ’ आहे, त्यातला ‘ळ’ दोन गिटारींखाली गाडला जात होता. गायकाचा आवाज वाढवला नाही, गिटारीच २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे शब्द स्पष्ट होतात त्या पट्ट्यात, २ डेसिबलने उतरवल्या. ‘ळ’ स्वच्छ बाहेर आला. मराठी गाण्यात शब्द कळलाच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे.

मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा हात, उद्या, ताज्या कानांनी. “दादा, अजून लाउड कर ना,” पोरं म्हणत होती. पण स्पॉटिफाय सहसा सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणूनच वाजवतं, मग लाउड करण्यासाठी ड्रम्सचा दणका कशाला चेपायचा?

निघताना बेसिस्टने गेटपाशी थांबून रफ मिक्स आईला फोनवर ऐकवला. पूर्ण.