जन्मवर्षाचं घड्याळ: १९७४ चं सीको शोधताना

माझं जन्मवर्ष १९७४. त्याच वर्षी बनलेलं मनगटी घड्याळ घ्यायचं ठरवलं तेव्हा मॉडेल, किंमत वगैरे बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट पाहिली: आपलं वर्ष अंगावर वागवणारी घड्याळं कोणती? बाकीच्यांच्या बाबतीत विकणारा सांगेल ते वर्ष.

खान्देशात जुनं घड्याळ शोधायला निघालं की एचएमटीच पुढे येतं. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची रीत होती, आणि भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या कपाटात एखादं जनता किंवा पायलट हमखास सापडतं. बंगळुरूच्या कारखान्यात सिटिझनच्या सहकार्यानं एचएमटीची घड्याळं १९६१ पासून निघू लागली, त्यामुळे १९७४ चा माल पुष्कळ आहे. अडचण वेगळीच. जनतासारखं मॉडेल वर्षानुवर्षं जवळपास तसंच निघत राहिलं. झाकणावरच्या आकड्यावरून वर्ष सांगतो असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर त्याच्याकडे तक्ता मागावा. एचएमटीला खरा आधार कागदाचाच: दुकानाच्या शिक्क्याचं गॅरंटी कार्ड किंवा बिल. झाकणावर लग्नाची किंवा सेवापूर्तीची तारीख कोरलेली असेल तर तीही कामाची, पण ती फक्त एवढंच सांगते की घड्याळ त्या दिवसाच्या आधी बनलं. किती आधी, ते नाही. त्यातही फक्त झाकण त्या काळातलं आणि आतलं मशीन नंतर बदललेलं, असं निघू शकतं.

फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड अशी स्विस घड्याळंही आपल्याकडे निघतात, पण त्यांच्यावर वर्ष सरळ वाचता येत नाही. बुलोव्हा सापडलं तर काम सोपं. त्याच्या झाकणावर एक अक्षर आणि एक आकडा असतो. १९७० च्या दशकाला इंग्रजी एन, म्हणजे एन आणि ४ असेल तर १९७४. सिटिझनच्या त्या काळातल्या क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे दोन महिन्याचे. पण बुलोव्हा इकडे क्वचितच दिसतं. मी सीको फाईव्हवर, म्हणजे जपानी सीकोच्या हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणाऱ्या (ऑटोमॅटिक) घड्याळावर थांबलो, कारण जळगाव-धुळ्याकडे ते सहज मिळतं आणि त्याचा हिशेब घरबसल्या करता येतो.

त्या काळातल्या सीकोच्या झाकणावर सहा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा: जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, पुढच्या तीन महिन्यांना इंग्रजी ओ, एन, डी. मी ऑक्टोबरचा, म्हणून मला ४ च्या पुढे ओ हवा होता, आणि झिजलेल्या झाकणावर ओ अगदी शून्यासारखा दिसतो. भिंगाखाली पाहिल्याशिवाय बोलू नये. दशक मात्र हा क्रमांक सांगत नाही. ४ म्हणजे १९६४, १९७४ किंवा १९८४. ते आतल्या मशीनच्या नंबरावरून ठरतं. ६११९ हे मशीन १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं, म्हणून ६११९ आणि ४ एकत्र आले की १९७४ सोडून दुसरं वर्ष उरत नाही. ७००९ हे त्यानंतरचं मशीन, आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं. त्यावर ४ असेल तर ते १९८४ किंवा त्यानंतरचं.

आता खरी मेख. क्रमांक झाकणावर असतो आणि झाकण हा फिरवून काढायचा भाग. दहा घड्याळांच्या डब्यातून मापाचं कुठलंही झाकण दुसऱ्यावर बसवता येतं. म्हणून तीन ठिकाणी एकच आकडा जुळायला हवा: झाकणावर क्रमांकाजवळ ६११९ ने सुरू होणारा केसचा नंबर, आत मशीनवर कोरलेला ६११९, आणि डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, अगदी बारीक अक्षरात ६११९ ने सुरू होणारा नंबर. विकणाऱ्याकडे या तिन्ही जागांचे फोटो मागायचे. झाकण उघडत नाही असं सांगितलं तर नाद सोडायचा.

डायलवरची ती बारीक ओळ फार उपयोगाची. मुंबईच्या बाजारातून निळ्या, लाल, शेंदरी डायलची चकचकीत जुनी घड्याळं येतात. बहुतेकांचं डायल पुसून पुन्हा छापलेलं असतं. छापणारा मोठी अक्षरं जमवतो, तळाची ओळ मात्र गाळतो किंवा ती पसरट उमटते. आमच्याकडचे एक घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पहिली तीच ओळ पाहतात आणि लगेच सांगतात, "भाऊ, हाई डायल रंगाडेल शे." रंग तारखेच्या खिडकीच्या कडेला आत उतरलेला असेल, तासाच्या पट्ट्यांच्या मुळाशी रंगाची कड साचली असेल, तर त्यांचं म्हणणं खरं धरावं. थोडं पिवळटलेलं मूळ डायल मी केव्हाही नव्या छपाईपेक्षा वरचं मानतो. वाराच्या चकतीवर दुसरी भाषा अरबी निघाली तर ते बनावट समजू नये. आखातातून आलेल्या घड्याळांत असं असतं.

६११९ ला किल्ली फिरवून चावी देता येत नाही. हातात घेऊन आडवं अर्धा मिनिट हलवायचं, मग चालू होतं. वेग तासाला २१,६०० ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाला ६. फोनवरच्या टायमिंग ॲपनं वेळेचा फरक बऱ्यापैकी कळतो, फक्त कूलर बंद करून फोनचा माइक झाकणाला चिकटवावा. दिवसाला २०-३० सेकंद मागेपुढे हे या वयाला ठीक. एकदम काही मिनिटं पुढे पळत असेल तर बिघाड समजण्याआधी हेअरस्प्रिंगला (घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबक लागलंय का पाहावं; फोनच्या होकायंत्राची सुई घड्याळ जवळ नेताच हलली तर डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकपणा घालवणाऱ्या यंत्रावर, क्षणात काम होतं.

सर्व्हिसिंगच्या बाबतीत मी हट्टी आहे. मशीन अख्खं पेट्रोलात बुडवून वाळवणं आणि वरून तेलाचे थेंब सोडणं याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. सगळे भाग सुटे व्हायला हवेत, डायशॉकची, म्हणजे धक्का झेलणाऱ्या भागाची, इवलीशी स्प्रिंगसुद्धा. ती उडाली तर फरशीवर शोधण्यात दुपार जाते. ज्वेलमध्ये (चाकांचे आस ज्यात फिरतात त्या खड्यांत) पातळ तेल, चावीच्या यंत्रणेला घट्ट ग्रीस, पॅलेट फोर्कच्या (चाकाला ठोक्याठोक्यानं सोडणाऱ्या काट्याच्या) आसाच्या टोकांना तेल अजिबात नाही. शिलाई मशीनचं तेल तर नकोच. ते पसरतं आणि हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना चिकटवतं, मग घड्याळ वेड्यासारखं पुढे जातं. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक जागा बहुतेक कारागीर विसरतात: बॅरलची, म्हणजे मेनस्प्रिंग (चावी साठवणारी मुख्य स्प्रिंग) बसते त्या डबीची, आतली भिंत. मेनस्प्रिंगचं टोक त्या भिंतीला धरून बसतं आणि पूर्ण भरल्यावरच घसरतं, म्हणून तिथे पकड देणारं खास ग्रीस लागतं. साधं तेल लावलं तर स्प्रिंग अर्धवट भरल्यावरच घसरते. लक्षण ठरलेलं: दिवसभर हातात नीट चालतं, रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद.

आपल्याकडच्या उन्हात किल्लीजवळची जागा आधी जाते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, मनगटाचा घाम किल्लीच्या नळीतून आत शिरतो आणि स्टेमला, म्हणजे किल्लीच्या दांडीला, गंज चढतो. किल्ली ओढताना खरखर लागली तर स्टेम काढून पाहावी. झाकणाखालची जुनी रबर रिंग बऱ्याचदा वितळून डांबरासारखी झालेली असते. ती लाकडी काडीनं खरवडून नवी घालायची, लोखंडी टोकानं नाही. नवी रिंग टाकली तरी हे घड्याळ पाण्यात चालणार नाही. झाकणावर काहीही लिहिलेलं असो, होळी-रंगपंचमीला आणि पावसात घरीच.

पट्टा घेण्याआधी कानांमधलं, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांमधलं, अंतर मोजा. १८ किंवा १९ मिमी निघतं आणि एका मिमीनं पट्टा हलत राहतो. तारीख बदलायला किल्ली अर्धी दाबायची, वार बदलायला पूर्ण. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात मात्र दाबू नये. तेव्हा आतले दाते तारीख बदलण्यासाठी आधीच गुंतलेले असतात आणि एखादा दाता तुटला तर ती चकती मिळवण्यासाठी दुसरं आख्खं ६११९ विकत घ्यावं लागतं.