चिठ्ठ्यांवर उभे राहिलेले कोश

डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाची चिठ्ठ्यांनी भरलेली कपाटे पाहून बाहेर पडलो, तेव्हा मनात ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांची, कोशाच्या कामाची पत्र्याची खोली घोळत होती. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री यांनी छापलेला इंग्रजी कोश जेमतेम अडीच हजार अवघड शब्दांचा होता. पुढे १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांनी नामवंत लेखकांची अवतरणे देऊन अर्थाला पुरावा जोडला. मरे यांनी तर त्या पुराव्यालाच पाया केले. शेकडो हौशी वाचक एकेका चिठ्ठीवर शब्द, साल, ग्रंथ आणि वाक्य उतरवून टपालाने धाडत, आणि त्या चिठ्ठ्या कालक्रमाने लावल्या की शब्दाचा अर्थ कसकसा सरकत गेला हे आपोआप दिसे. १८८४ मध्ये निघालेला पहिला भाग 'अँट'पर्यंतच पोहोचला होता. काम पुरे झाले १९२८ मध्ये, मरे यांच्या निधनानंतर १३ वर्षांनी. मधल्या काळात 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो छापायचाच राहून गेला. (माझ्या टेबलाची अवस्था पाहता मला याचे मुळीच नवल वाटत नाही.) पुण्यातला कोश १९४८ पासून याच ऐतिहासिक पद्धतीने चालला आहे. एका पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर टाकाच्या शाईतले वळणदार देवनागरी अक्षर होते. लिहिणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते.