एल्युसिसची धान्यदेवी

अथेन्सच्या उन्हाविषयी आणि गर्दीविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते तेथून सुमारे 20 किलोमीटरवरच्या एल्युसिसविषयी. प्राचीन यात्रेकरूंच्या पवित्र मार्गावर आता तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या लागतात, आणि सुपीकतेच्या देवतेचे हे गाव असेल यावर विश्वास बसत नाही.

पाताळाचा राजा हेडीस याने लेकीला पळवून नेल्यावर धान्यदेवी देमेतर म्हातारीच्या वेषात येथल्याच विहिरीपाशी बसली आणि तिने जमिनीतून कोंबही वर येऊ दिला नाही, अशी कथा आहे. विहिरीचा गोल दगडी काठ आजही दिसतो. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात बैल आधीपासूनच नांगर ओढत असतात. देवीच्या कोपामुळे पेरलेले उगवत नाही, इतकेच. तरीही शेतीची विद्या प्रथम एल्युसिसच्या त्रिप्टोलेमसला मिळाली आणि सर्पांच्या रथातून त्याने ती जगभर नेली, ही कथा अथेन्सने उचलून धरली आणि इ. स. पू. 5व्या शतकात मित्रनगरांकडून जवाचा 600वा व गव्हाचा 1200वा हिस्सा देवीसाठी मागितलाही. भक्तीतला हा हिशेबीपणा मला गमतीचा वाटला.

संग्रहालयातील एका भग्न स्त्रीमूर्तीपुढे मात्र माझे मन अडकले. तिच्या डोक्यावर गोल पेटी आहे आणि पेटीवर गव्हाच्या लोंब्या व खसखशीची बोंडे कोरलेली आहेत. तिची जोडीदारीण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. ही दुसरी मूर्ती गावाच्या खळ्यावर खताच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालेली असे, कारण आपल्या शेतांचे पीक तिच्यावर अवलंबून आहे अशी गावकऱ्यांची श्रद्धा होती. 1801 मध्ये एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने अथेन्सच्या तुर्की अधिकाऱ्याला दुर्बीण देऊन ती नेण्याची परवानगी मिळवली. मूर्ती हलवण्याच्या आदल्या संध्याकाळी एक बैल जू सोडून धावला आणि मूर्तीला शिंगे मारू लागला, तेव्हा घाबरलेले गावकरी पुढे येईनात. शेवटी पुजाऱ्याने पहिली कुदळ मारली, हे क्लार्कनेच लिहून ठेवले आहे. मूर्ती नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, तरी मूर्ती वाचली. पुढे ती देवी नसून द्वाराचा भार पेलणारी स्तंभकन्या असल्याचे ठरले. मला त्याने काही फरक पडत नाही; जे नांगरत होते त्यांचा तिच्यावरचा हक्क दुर्बीण देणाऱ्यापेक्षा मोठा होता, असेच मी म्हणेन.

एल्युसिसला जायचेच असेल तर 20 नोव्हेंबरची संध्याकाळ साधावी. अवशेषांवरच्या टेकडीवर मेरीमातेचे छोटे देऊळ आहे. पेरणीच्या मध्यावर येणाऱ्या तिच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या बायका तेथे भाकऱ्या आणि गहू, डाळी, कडधान्ये एकत्र उकडून केलेला प्रसाद घेऊन येतात.