तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यांशी बोलणं होतं का?

तीन वर्षांतून एकदा मी सुट्टीवर जालन्याला येते. रविवारची उपासना संपली की चर्चच्या ओट्यावर चहा होतो आणि कप हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "एवढ्या लांब राहतेस, घरच्यांशी बोलणं होतं का गं?" मी म्हणते, "होतं की, रोज होतं." तेवढ्यात दुसरं कुणी भेटायला येतं आणि विषय तिथंच राहतो. गेल्या सुट्टीत एका मावशींनी हात धरून पुन्हा विचारलं, "तसं नाही. खरंखुरं बोलणं होतं का?" त्यांचा मुलगा दुबईला असतो. त्यांना मी ओट्यावर उभ्या उभ्या काहीच सांगू शकले नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी परिचारिका आहे. 2014 पासून उत्तर केनियातल्या तुर्काना भागात, लोडवार शहरापासून गाडीनं दोन तासांवर असलेल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात काम करते. घर बदनापूरजवळच्या खेड्यात. घरी माय, अण्णा, भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं चालतं. इथं दुपारचे चार वाजतात तेव्हा घरी साडेसहा, म्हणजे दिवेलागणीची वेळ. तीच आमची वेळ ठरलेली आहे.

दवाखान्यात मोबाइलला रेंज नसते. मागच्या टेकडीवर एक बाभळीसारखं झाड आहे, तिथं मिळते. सोलरवर चार्ज केलेला फोन घेऊन मी चढते. व्हिडिओ कॉल क्वचितच टिकतो. त्याला सलग रेंज लागते आणि इथं ती वाऱ्यासारखी येते-जाते. मायचा चेहरा अर्धा हलतो, अर्धा थिजतो, आणि ती घाबरून म्हणते, "काय झालं गं, तोंड वाकडं का दिसायलंय?" म्हणून आम्ही आवाजी निरोपांवर आलो. बोलून ठेवायचं, रेंज आली की तो आपोआप जातो. मायला टाइप करता येत नाही, पण बटण दाबून बोलता येतं. भाचीनं एका दुपारी शिकवलं.

हे निरोप मी नुसते ऐकत नाही, पुन्हा पुन्हा ऐकते. माय मुद्दाम काही सांगत नसते, भाकरी करता करता बोलते. थप थप थप आवाज चालू असतो. मध्येच तो थांबतो, म्हणजे भाकरी तव्यावर गेली. मग पाण्याचा हात फिरवते आणि पुढचं वाक्य येतं. मागून शेळी ओरडते, वहिनी कुणाला तरी हाक मारते, आणि ओसरीवर अण्णांचा रेडिओ सुरू असतो. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम ते चुकवत नाहीत. अडीच मिनिटांच्या निरोपात माय जे सांगते त्याहून जास्त मला त्या आवाजांतून कळतं.

पहिली दोन वर्षं मात्र आमचं बोलणं असं नव्हतं. रोज बोलायचो आणि रोज खोटं बोलायचो. मी म्हणायचे, ठीक आहे. ते म्हणायचे, इकडंही ठीक आहे. दोघांनाही वाटायचं की आपण समोरच्याला जपतोय.

मग एका पावसाळ्यानंतर मला मलेरिया झाला. चार दिवस सलाइनवर होते. घरी सांगितलं की टेकडीवर रेंज नव्हती. इथवर ठीक म्हणू. पण आम्हाला दर तिमाहीला प्रार्थनापत्र लिहावं लागतं. आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळ्यांना काम कसं चाललंय, अडचणी काय, कशासाठी प्रार्थना करावी हे त्यातून कळवायचं असतं. त्या पत्रात मी आजारपणाचं सगळं लिहिलं. चार दिवस, सलाइन, ताप उतरत नव्हता, सहकाऱ्यांनी रात्र जागून काढली. पत्र जालन्याला पोचलं आणि पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेत मोठ्यानं वाचलं.

माय डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली होती. आपल्या लेकीचा आजार तिला शंभर माणसांबरोबर, एकाच वेळी, कळला.

त्या दिवशी तिचा निरोप आला तो सतरा सेकंदांचा होता. मागं भाकरीचा आवाज नव्हता. "लोकांना सांगितलंस, मला नाही सांगितलंस. मी काय लोकांच्या मागची हाय का?" एवढंच. मी तो निरोप अजून ठेवला आहे. आपलं चुकलं आहे हे इतकं स्पष्ट मला आयुष्यात फार कमी वेळा कळलं. मी तिला जपत नव्हते. तिची काळजी मला ऐकावी लागू नये म्हणून मी गप्प होते.

मी माफी मागितली. तिनं माफ केलं. पण शहाणपण दोन्ही बाजूंना यायला अजून एक प्रसंग लागला.

पुढच्या वर्षी, सोयाबीनची काढणी चालू होती. दोन-तीन दिवस मायच्या निरोपांत मला काहीतरी कमी वाटत होतं. काय ते कळेना. टेकडीवर बसून जुने निरोप लावले, मग नवे लावले, आणि लक्षात आलं की रेडिओ नाही. विचारलं तर भाऊ म्हणाला, "सेल संपलेत." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अण्णा शेतात गेलेत." संध्याकाळी सात वाजता, अंधारात, शेतात? मी वहिनीला फोन लावला आणि सरळ म्हटलं, "वहिनी, अण्णांना फोन द्या." त्या रडायला लागल्या. अण्णा बांधावरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. लेक काम सोडून पळत येईल म्हणून सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं होतं.

मी चिडले नाही. कुठल्या तोंडानं चिडणार?

त्या रविवारी आम्ही फोनवरच ठरवलं की काही लपवायचं नाही. घरच्यांना आधी, मंडळीला नंतर. आता प्रार्थनापत्र पाठवायच्या तीन दिवस आधी मी ते भाचीच्या फोनवर पाठवते, ती मायला वाचून दाखवते. मायला एखादी ओळ खटकली तर मी ती काढून टाकते. एकदा तिनं सांगितलं, "त्या बाईच्या घरातलं भांडण कशाला लिहिलंस? ती इथं असती तर तुला लिहू दिलं असतं का?" खरं होतं. तेव्हापासून रुग्णांबद्दल लिहिताना मी तो प्रश्न स्वतःला विचारते.

कुणी म्हणतं, आता काय सोपं झालंय, पूर्वीच्या मिशनरींचं बघा. बघितलं आहे. विल्यम केरी 1793 मध्ये इंग्लंडहून निघाले तेव्हा बंगालला पोचायला त्यांच्या जहाजाला पाच महिने लागले. म्हणजे पत्र पाठवून उत्तर यायचं तर वर्ष गेलंच. 1834 मध्ये ते बंगालमध्येच वारले, 41 वर्षांत एकदाही परत गेले नाहीत. आपल्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री 1873 मध्ये परिषदेसाठी न्यूयॉर्कला गेले होते, तोही बोटीचाच जमाना. त्यांच्यापुढं माझी टेकडी म्हणजे काहीच नाही, हे मी मनापासून मानते. पण वर्षभरानं उत्तर येणार असेल तर माणूस पत्रात मोजकं आणि खरं लिहीत असावा, असं मला वाटतं. रोज बोलता येतं तेव्हा "ठीक आहे" म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. वेगानं आमचं अंतर कमी झालं नाही, उलट दोन वर्षं ते झाकलं गेलं.

बायबलमधलं, पौलानं तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र मला म्हणूनच जवळचं वाटतं. मरण समोर दिसत असताना, विश्वासाच्या एवढ्या मोठ्या गोष्टी सांगता सांगता तो मध्येच आपला त्रोवसला राहिलेला झगा आणायला सांगतो. पुस्तकंही आण म्हणतो, आणि हिवाळ्याच्या आत ये म्हणतो. त्याला थंडी वाजत होती आणि त्यानं ते सांगितलं. मी आधी घरी काही मागत नसे. मिशनरीनं मागू नये असं डोक्यात बसलं होतं. आता मागते. कारळाची चटणी, मायच्या जुन्या लुगड्याची गोधडी. ती गोधडी आली तेव्हा तिला चुलीचा वास होता.

मायला माझं काम कळायला लागलं तेही या बारीकसारीक गोष्टींतूनच. तुर्कानातले लोक शेळ्या-उंट राखणारे. पाऊस गेला की बायका कोरड्या नदीच्या वाळूत खड्डे खणतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. मी हे सांगितलं तर माय पटकन म्हणाली, "म्हणजे झिरे." 1972 च्या दुष्काळात ती दहा-अकरा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायला जायची, सुकडी खायची, परत येताना झिऱ्यावर रांग लावायची. तोपर्यंत आफ्रिका तिच्यासाठी नकाशातली जागा होती. त्या दिवसापासून ती शेजारचं गाव झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ती बातमी मायनं मला सांगितली आणि मी दवाखान्याच्या सावलीत बसलेल्या बायकांना. तुर्कानात रेल्वे नाही. आधी रेल्वे म्हणजे काय हे सांगावं लागलं, मग पाणी. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एका आजीनं विचारलं, "तुझ्या आईला मिळालं का?"

त्या आजीच्या नव्वद शेळ्या होत्या. 2020 च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले आणि नव्वदच्या सात उरल्या. माय दर आठवड्याला तिच्या शेळ्यांचा आकडा विचारायची. आकडा उतरत गेला तशी माय रात्रीच्या प्रार्थनेत तिला धरून मागायला लागली. मी आजीला हे सांगितलं, तेव्हापासून तीही मायची चौकशी करते. स्वाहिलीत ख्यालीखुशाली विचारायला 'हबारी' म्हणतात, आपली खबरच ती. पैशाला 'पेसा', चहाला 'चाई', जगाला 'दुनिया'. आजीला स्वाहिली थोडीच येते, पण 'हबारी या मामा' ती न चुकता विचारते, आणि तिच्या आवाजातली खबर मी मायला पाठवते.

एक बोलणं राहिलं. मावशींनी ते विचारलं नव्हतं, पण त्यांच्या हाताच्या पकडीत ते होतं.

दवाखान्यातून निघून लोडवार, तिथून नैरोबी, मग मुंबई, मग देवगिरी एक्स्प्रेसनं जालना. सगळं जुळून आलं तरी दोन दिवस पूर्ण जातात. घरात कुणी गेलं तर गावात मातीला तोवर थांबता येत नाही. काही लपवायचं नाही म्हटल्यावर हेही बोलावंच लागलं. विषय अण्णांनीच काढला, काठी टेकत ओसरीवर येऊन बसल्यावर. "माझं काही झालं तर हे लोक मातीसाठी तुझ्यापायी थांबणार नाहीत. मीच सांगून ठेवलंय. तू तिथंच प्रार्थना कर. मग सवडीनं ये, मायजवळ महिनाभर राहा." मी "हो अण्णा" म्हटलं. रेंज होती, आवाज स्वच्छ येत होता, तरी दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मागं रेडिओवर कापसाचे भाव सांगत होते.

म्हणून मावशी, होय, खरंखुरं बोलणं होतं. शिकायला दोन-तीन वर्षं लागली, आणि ते मला मायनं शिकवलं. पुढचं प्रार्थनापत्र येत्या महिन्यात वाचलं जाईल. माय अजून डावीकडच्या तिसऱ्या बाकावरच बसते. मला विचारता तसं उपासनेनंतर तिलाही विचारा. आजीच्या शेळ्या आता एकवीस झाल्या आहेत, त्यातल्या किती गाभण आहेत ते तिला माहीत आहे.