किती वाजता सोडलं, ते लिहून द्या

मी वकील. पहिला फोन पहाटे पाच पन्नासला आला. "मॅडम, ह्यांना नेलं. दोघं होते. साहेबांना भेटून दहा मिनिटांत परत, म्हणाले." कुठल्या ठाण्यात, ते सांगितलं नव्हतं. पुढच्या अर्ध्या तासात आणखी तीन घरांतून फोन. डिसेंबर महिना, बाहेर मिट्ट काळोख. अकरा वाजता शहरात एका मंत्र्यांचा कार्यक्रम होता आणि कमी पटाच्या शाळा बंद करण्याविरुद्ध काळे झेंडे दाखवणार, असं पत्रक या चौघांच्या सहीने आठवड्यापूर्वी निघालं होतं. एक निवृत्त शिक्षक, वय 67. दोन पालक. एक डी.एल.एड. (शिक्षक होण्याची पदविका) करणारी मुलगी.

सरकार हुकूमशाहीकडे झुकतंय, या विषयावर बोलणाऱ्यांच्या तोंडी हल्ली मोठ्या कायद्यांची नावं असतात. 2025 च्या जुलैत विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हापासून तर जास्तच. ती काळजी खोटी नाही. पण रोजच्या रोज माणसाला गप्प बसवायला एवढा मोठा कायदा लागत नाही. "जरा ठाण्यात येऊन जा" एवढं वाक्य पुरतं. कागद नाही, कलम नाही, कार्यक्रम संपला की घरी. कोर्टात जायचं तर दाखवायचं काय?

म्हणून पहाटेच्या त्या फोनवर पहिली सूचना अशी होती: रडणं नंतर, आधी 112 फिरवा. नवऱ्याचं नाव, वय, अंगावरचे कपडे, किती जण आले, गणवेशात होते का, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो, आणि कुठे नेलं ते सांगितलं नाही, एवढं बोला. तक्रारीचा क्रमांक विचारून घ्या. पोलीस लगेच शोधून देतील या आशेने हे करायचं नसतं. सरकारच्याच यंत्रणेत पहाटेची वेळ नोंदली जाते, ती नंतर कुणाला खोडता येत नाही. मग हाच मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवा. तिसरं काम, सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच्या आज पेन ड्राइव्हवर. बऱ्याच डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसलं जातं आणि सोसायटीचे सेक्रेटरी तोवर घाबरलेले असतात.

आदल्या संध्याकाळी चौघांनाही पोलिसांची ताकीद देणारी नोटीस मिळाली होती. तिला लोक अजून "149 ची नोटीस" म्हणतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीच आता कलम 168 ची झाली. छापील मजकूर, नाव पेनाने भरलेलं, शेवटी ठरलेलं वाक्य: अनुचित प्रकार घडल्यास ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. ही नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, अटक नव्हे, मनाई आदेशही नव्हे. घ्यायला नकार देण्यात शौर्य नाही. घ्यावी, सहीशेजारी "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारीख-वेळ टाकावी, आणि त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर ईमेलने द्यावं की आमचा कार्यक्रम शांततेचा आहे, जागा अमुक, वेळ तमुक, माणसं इतकी. गुरुजींनी हे केलं होतं. बाकी तिघांनी नुसती सही.

ठाण्यात पोचायला पावणेआठ झाले. चौघे डीबी रूममध्ये, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या खोलीत, बाकावर, मोबाइल टेबलावर उलटे ठेवलेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "अटक नाही हो मॅडम, चौकशीला बोलावलंय."

या उत्तरावर भांडायचं नसतं, त्यालाच धरून पुढे जायचं असतं. चौकशीला बोलावलं असेल तर कलम 179 चा लेखी आदेश लागतो, आणि स्त्रिया व साठीच्या पुढचे पुरुष यांची चौकशी ते राहतात तिथेच करावी लागते. म्हणजे चौघांपैकी दोघं या खोलीत असूच शकत नव्हते. चौकशी नसेल आणि अटकही नसेल, तर ते उठून माझ्याबरोबर निघाले. आणि अटक असेल तर कलम 36 चा अटक मेमो कुठे आहे? त्यावर वेळ, तारीख, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. कलम 47 प्रमाणे अटकेची कारणं सांगावी लागतात, 48 प्रमाणे नातेवाइकाला कळवून तशी नोंद करावी लागते. मुलीच्या बाबतीत तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकच करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, कलम 43(5). तिला साडेपाचला उचललं होतं आणि त्या दिवशी सूर्य उगवला सातच्या सुमारास.

तिसरी एक वाटही आहे, ती माहीत नसली की वकीलही फसतात. जुन्या मुंबई, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची 68-69 ही कलमं आणि नव्या संहितेचं 172: पोलिसाचा कायदेशीर आदेश मानला नाही तर माणसाला बाजूला करता येतं आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग टळल्यावर सोडूनही देता येतं. मोर्चात व्हॅनमध्ये घालून संध्याकाळी सोडतात ते याच आधारावर. पण त्यासाठी आधी आदेश हवा आणि तो मोडलेला हवा. अंथरुणात झोपलेल्या माणसाने कुठला आदेश मोडला?

अंमलदारांनी फोन लावला. पलीकडून काय ठरलं कळलं नाही, पण नऊ वाजता कागद निघू लागले: कलम 170, दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी प्रतिबंधात्मक अटक, जुनं 151. अटकेची वेळ 9.15.

पहाटेचे साडेतीन तास असे गायब होतात. अशा वेळी आरडाओरडा केला, कुणी हाताला धरलं की सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम, जुन्या दंड संहितेचं 353, आताच्या भारतीय न्याय संहितेचं 132, तयारच असतं आणि मग प्रतिबंधात्मक कारवाईचा खराखुरा गुन्हा होतो. बाहेर जमलेल्यांना त्यासाठीच फाटकाबाहेर ठेवलं होतं. चित्रीकरणावरून एका शिपायाने दरडावलं, तेव्हा शांतपणे सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये दिलेला आहे. तरी माझा सल्ला, आत कॅमेरा रोखू नका. आत कागद चालवा. 9.15 च्या खाली चौघांनी सही करताना स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं: "घरातून पहाटे अमुक वाजता आणले." मेमोवर सही टाळून उपयोग नाही, सहीबरोबर आपलं म्हणणं घुसवण्यात उपयोग आहे.

तिघांनी लिहिलं. चौथा, एक पालक, खाली मान घालून बसला. त्याने आठ वाजण्यापूर्वीच, मी पोचायच्या आत, एका कोऱ्या छापील फॉर्मवर सही दिली होती. "सही केली की सोडतो म्हणाले." तो मुचलका होता.

या मुचलक्याला आपल्याकडे चॅप्टर केस म्हणतात. कलम 126, जुनं 107. एक वर्षापर्यंत शांतता राखण्याची हमी. त्या वर्षात शांतताभंग केला असं ठरलं तर रक्कम जप्त, शिवाय तुरुंगाची टांगती तलवार. हातात मोठी रक्कम द्यावी लागत नाही म्हणून माणूस पटकन सही करतो, आणि पुढच्या प्रत्येक आंदोलनाच्या आदल्या दिवशी त्याच्याच दारात गाडी येते. अशा नोंदी साचल्या की तडीपारीच्या प्रस्तावात त्यांची यादी लागते. कोऱ्या फॉर्मवर सही नको, हे लोकांना शंभरदा सांगून झालंय. पण पहाटे बायकापोरांसमोरून उचललेल्या माणसाला ते आठवत नाही, आणि त्यावर त्याला रागावण्यात अर्थ नाही.

बाराला उरलेल्या तिघांना सहायक पोलीस आयुक्तांसमोर नेलं. ग्रामीण भागात हे काम तहसीलदार करतात. आयुक्तालयाच्या शहरात सहायक आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणजे पकडणारेही पोलीस आणि हमी मागणारेही पोलीसच. टेबलावर तयार मागणी: 50,000 रुपयांचा मुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, एक वर्ष.

इथे नेमकं काय मागायचं ते पाठ असावं लागतं. आधी कलम 130 चा लेखी आदेश: मिळालेल्या माहितीचा सारांश, मुचलक्याची रक्कम, मुदत, जामीनदार किती आणि कसे. तो वाचून दाखवल्यावर कलम 135 ची चौकशी सुरू होते. ती सुरू झाल्यावर, आणि लेखी कारणं देऊनच, अंतरिम मुचलका मागता येतो. हा क्रम सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1970 मध्ये समाजवादी नेते मधू लिमये यांच्या प्रकरणात घालून दिला आहे. लिमये मूळचे पुण्याचे, खासदार बिहारमधल्या मुंगेरचे. त्याआधी 1968 च्या नोव्हेंबरात त्यांना लखीसराय स्टेशनवर पकडलं तेव्हा अटकेची कारणं सांगितली नव्हती. त्यांनी कोठडीतून पत्राच्या रूपात याचिका पाठवली आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 च्या आधारावर सुटका मिळवली. पोलिसांच्या छापील फॉर्मात आजही जे रकाने रिकामे सोडले जातात, त्यांच्यावर तेव्हाच बोलून झालंय.

"130 चा आदेश द्या, वाचून दाखवा, आम्ही आज चौकशीलाच उभे राहतो. साक्षीदार बोलवा," एवढंच म्हटलं. आवाज न चढवता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चौकशी करायची तर गोपनीय शाखेच्या ज्या कर्मचाऱ्याचा अहवाल होता, त्याला बोलवावं लागलं असतं, आणि तो मंत्र्यांच्या बंदोबस्तात होता. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

अशा दिवशी उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पस, म्हणजे अडकवलेल्याला कोर्टासमोर हजर करा, असा) अर्ज करावा का, हा प्रश्न हमखास येतो. करता येतो. पण 24 तासांची अटक असते, प्रकरण खंडपीठासमोर पुकारलं जाईपर्यंत माणूस सुटलेला असतो आणि अर्ज निरर्थक ठरतो. ते गणित पोलिसांनाही ठाऊक असतं. अशा प्रकरणाचा खरा दावा सुटकेनंतरचा असतो, नुकसानभरपाईचा. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेला पोचू नये म्हणून अडकवलं होतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 50,000 रुपये द्यायला लावले. तिथेही सगळा खेळ वेळांच्या नोंदींवर होता. कार्यक्रमालाच परवानगी नाकारली असेल तर मात्र आधीच कोर्टात जायला हवं. 2020 च्या फेब्रुवारीत माजलगावच्या आंदोलनाच्या आड आलेला जमावबंदीचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला, तो आंदोलकांनी वेळेत धाव घेतली म्हणून.

मंत्र्यांचा ताफा दीडला शहराबाहेर पडला. दोन वाजता शिपाई आला. "जा आता. झालं."

मुलगी उठली, पालक उठले. गुरुजी बसून राहिले. "किती वाजता सोडलं, ते लिहून द्या."

"गुरुजी, सोडलंय ना? मग कागद कशाला?"

"आणलं तेव्हा कागद नव्हता. सोडताना तरी द्या."

वीस मिनिटं हा संवाद याच शब्दांत चालला. ज्या माणसाला पहाटे उठवून आणलं, त्यालाच आता सगळं ठाणं घरी जायची विनंती करत होतं. एकाने चहा आणला. त्यांनी चहा घेतला, पण उठले नाहीत. जेवणाचा डबा आला, तोही उघडला. शेवटी एका उपनिरीक्षकाने स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक आणि वेळ, 14.25, एका चिठ्ठीवर लिहून सही-शिक्का दिला. गुरुजींनी चष्मा पुसून ती वाचली, "वेळ" शब्दातली मात्रा सुधारायला सांगावी असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी ते सोडून दिलं.

ठाण्याच्या पायऱ्या उतरण्याआधी एक अर्ज दोन प्रतींत दिला: आज पहाटे 5 ते दुपारी 3 पर्यंतचं फाटक, दालन, डीबी रूम आणि बाहेरच्या ओट्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि 18 महिन्यांची, ते अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्षाची साठवण सांगितलेली आहे. "कॅमेरा बंद होता" हे उत्तर नंतर येतंच. ते घटनेच्या दिवशीच्या पोहोचेपुढे फारच लंगडं दिसतं. पोहोच द्यायला नकार मिळाला, म्हणून तिथेच उभं राहून आयुक्त कार्यालयाला ईमेल आणि पुढच्या चौकातल्या पोस्टातून स्पीड पोस्ट. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षात जाता येतं, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. पण दोन्हीकडे आधी हेच कागद मागतात. कोऱ्या सहीवाल्या पालकाच्या मुचलक्याविरुद्ध सत्र न्यायालयात जावं लागलं, ते प्रकरण अजून तारखांवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ऑफिसात आले ते माहिती अधिकाराचा अर्ज लिहूनच. स्टेशन डायरीची प्रत, 112 च्या नोंदीची प्रत, बंदोबस्ताचा आदेश, गोपनीय अहवाल, चित्रण, सगळं एकात. महाराष्ट्रात नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. त्यांचा अर्ज चारशेच्या वर गेला होता. तीन तुकडे करायला सांगितले. गोपनीय अहवाल शेवटी ठेवा, तो नाकारतील. डायरीची प्रत आधी मागा. त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसून लाल पेन काढलं, "दडपशाही" खोडलं, "लोकशाहीची पायमल्ली" खोडलं, "सूडबुद्धीने" खोडलं. मग बोटांवर मोजलं आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवत म्हणाले, "एकशे अडतीस. आता यात वेळ तीनदा लिहायला जागा झाली."